भूत धरायला बसलेली आत्या

माझ्या आत्याचा विश्वास फक्त देवावर आहे, आणि त्याच्याही कपाटाला ती रोज संध्याकाळी कुलूप लावते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणते, "तीन स्थळं आली होती. तिघंही फार गोड बोलत होते." तिच्या लेखी विषय संपला. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर जुनं चर्च आहे, त्याच्या किल्ल्या गेली एकतीस वर्षं तिच्या कमरेला आहेत. दारं उघडायची, बाक पुसायचे, फरशीवर ओघळलेलं मेण खरवडायचं, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडे हा नक्की काहीतरी करायला आलाय अशा नजरेनं बघायचं. हे शेवटचं काम तिला कुणी सांगितलेलं नाही. पण सगळ्यांत मनापासून ती तेच करते.

घरीही तेच. साखरेचा डबा ठेवताना ती वरची साखर चमच्याने सपाट करते आणि बोटाने त्यावर फुली मारते. दूधवाला हसला तर दुधात पाणी, नाही हसला तर जास्त पाणी. आई म्हणते, "वन्सं आरशात बघताना सुद्धा आधी मागे बघतात."

चर्च चारशे वर्षांचं आहे. इतक्या जुन्या इमारतीत भूत नसेल तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं, म्हणून आमच्याकडे भुतं भरपूर होती. होती म्हणायचं कारण आत्याने एकेक करून सगळी निकालात काढली. फरशीखालच्या थडग्यातून रडणारं बाळ म्हणजे मांजरीची चार पिल्लं निघाली; तिने ती टोपलीत घालून वाटून टाकली. तिसऱ्या बाकावर दिसणारी पांढरी बाई म्हणजे भिंतीची ओल. तिने चुना लावला. मनोऱ्याच्या जिन्यात तपकिरी झग्यातला साधू उभा असायचा, तो जुना पडदा होता आणि खिळ्याला अडकला होता. आत्याने तो उतरवला, धुतला आणि त्याची पायपुसणी केली. आजही लोक त्या साधूला पाय पुसून आत येतात.

तिचं म्हणणं साधं होतं. "भूत म्हणजे कुणीतरी न केलेलं काम."

भुतांच्या बाजूचा माणूस म्हणजे टोपीवाला. प्रवाशांना चर्च दाखवतो, उन्हात, सावलीत, आत, बाहेर एकच गवती टोपी घालतो. बोलतो असा की प्रत्येक तिसरा शब्द ताणायचा. "हे बघा मंडळी, इथेऽच. याऽच जागी. हात लावू नका, ताई, तुमच्या भल्यासाठी सांगतोय." आत्या एक भूत काढायची, की हा आठवड्यात दुसरं आणून ठेवायचा. वीस वर्षं दोघांचं असं चाललेलं. समोरासमोर आले की तो टोपी उचलायचा आणि ती किल्ल्या चाचपायची.

मग दोन महिन्यांपूर्वी श्वास सुरू झाला.

चर्चच्या मागच्या बाजूला, दारावर, लाकडी माळा आहे. तिथे ऑर्गन आहे, भिंतभर नळ्यांचा, चार कपाटांएवढा. टोपीवाल्याची गोष्ट अशी की फार वर्षांपूर्वी एक म्हातारा वादक वाजवता वाजवताच त्यावर मान टाकून गेला. शेवटचा सूर अर्धा राहिला. ही गोष्ट तो कायमच सांगायचा, पण आता गोष्ट संपली की वरून खरंच आवाज यायचा. हूंऽऽऽ. मग थांबायचा. मग पुन्हा, हूंऽऽऽ. झोपलेल्या जाड माणसासारखा. पहिल्यांदा आला तेव्हा टोपीवाला स्वतःच आधी पळाला, गिऱ्हाइकं मागून. मेणबत्त्या विकणाऱ्या वहिनींनी टेबल दाराबाहेर नेलं. "नाही हो बाई, मी उन्हात बसेन, काळी होईन, पण जिवंत राहीन." काही दिवस यायचा, काही दिवस गायब व्हायचा, परत यायचा. दुपारी, भर उजेडातसुद्धा.

सगळ्यांनी ऐकला. ऐकला नाही तो फक्त आत्याने.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आत्याचे कान गेलेले नव्हते, पण निघाले होते. घरात सगळ्यांना माहीत होतं. टीव्हीवरच्या बातम्या आमच्याकडून शेजारचे ऐकायचे. तिला एकदा हाक मारून भागायचं नाही, आणि तिसऱ्यांदा मारली की ती वळून म्हणायची, "ओरडतोस काय? बहिरी आहे का मी?" तिच्या मते ऐकणारे ठीक होते, बोलणारे बिघडले होते. "हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. लपवायचं असतं ना काहीतरी." बाबांनी एकदा धीर करून कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं. तिने विचारलं, "त्याने तुला काय कबूल केलंय?"

तर दहा माणसं म्हणतात आवाज येतो, आणि आपल्याला तर येत नाही. आत्याने हिशोब चटकन मांडला. दहाही खोटं बोलतायत.

"संगनमत आहे," ती जेवताना म्हणाली. "टोपीवाला, ती मेणबत्तीवाली, आणि वर ऑर्गन वाजवणारा तो सर. मी गेले की ते तिघं मोकळे."

"मोकळे होऊन करणार काय?" बाबा म्हणाले.

"ते कळलं असतं तर पकडलं नसतं का?"

यात हसण्यासारखं बरंच होतं, पण गेल्या महिन्यात हसू थांबलं. नवे फादर आले आहेत. भला माणूस, पण इतकं हळू बोलतात की चहात बिस्कीट पडल्यासारखं वाटतं. त्यांनी आत्याला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, आपण असं करू या का... लोक घाबरतात, लहान मुलांचा वर्ग माळ्याखाली बसायला तयार नाही... महिनाअखेरीपर्यंत हे जर मिटलं नाही, तर समिती म्हणते, किल्ल्या एखाद्या सुरक्षा कंपनीकडे द्याव्यात. गणवेशातला माणूस. तुम्हालाही आराम."

आत्याला यातलं "किल्ल्या", "कंपनी" आणि "आराम" एवढंच पोचलं. ते पुरलं. त्या दिवशी ती घरी आली, साखरेवर फुली मारायची विसरली, आणि खिडकीशी बसून एकेक किल्ली पदराने पुसत राहिली. सव्वीसच्या सव्वीस. आई स्वयंपाकघरातून मला कुजबुजली, "किल्ल्या गेल्या तर या बाईचं काय होईल रे?" मग जरा थांबून, "आणि दिवसभर घरी असतील तर माझं काय होईल?"

दुसऱ्या दिवसापासून आत्याने भूत धरायला सुरुवात केली.

माळ्यावर जायला एकच जिना, जिन्याला एकच दार, दाराची एकच किल्ली, आणि ती तिच्याकडे. रोज दुपारी तीनला ती वर जायची. ते जुनंच काम होतं. ऑर्गनला पूर्वी एक माणूस पायाने भाता दाबून हवा द्यायचा. आता मागच्या कपाटात विजेचा पंखा आहे. ऑर्गनसरांनी तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं, रोज दहा मिनिटं हवा द्या, नाहीतर आतलं कातडं आखडतं. म्हणून तीनला बटण दाबायचं, दहा मिनिटं पट्ट्या पुसायच्या, परत तेच बटण दाबायचं, खाली यायचं. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही.

त्या दिवशी उतरताना तिने वरच्या चार पायऱ्यांवर अंगाला लावायची पावडर चाळणीने चाळली. दार लावलं. संध्याकाळी उघडून बघते तर पावडरीत पावलं. वर गेलेली आणि खाली आलेली. चपलेची, डावी टाच झिजलेली.

घरी येऊन तिने पाय वर केला आणि चप्पल आम्हाला दाखवली. डावी टाच झिजलेली.

"कुणीतरी माझ्या चपला घालून वर जातं," ती म्हणाली.

आई म्हणाली, "वन्सं, चपला दिवसभर तुमच्या पायात होत्या."

"तेच तर! किती सराईत आहे बघ."

झालं असं होतं की साडेतीनला आत्या स्वतःच परत वर जाऊन सगळं ठीक आहे ना ते बघून आली होती. कुलूप लावल्यावर अर्ध्या तासाने ते उघडून आत एक नजर टाकायची आणि परत लावायचं, ही तिची सवय इतकी जुनी की ती सवय आहे हेच तिला आठवत नव्हतं. बाबांनी तसं सुचवून पाहिलं. तिने बाबांकडे असं बघितलं की त्यांचंही नाव यादीत गेलं.

यादी खरोखरची होती. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. टोपीवाला: "फार हसतो." मेणबत्तीवाली: "ऊन लागतं म्हणते, तरी आत येत नाही." ऑर्गनसर: "रविवारी मला थँक्यू म्हणतो. कशाबद्दल?" फादर: "हळू बोलतो. का?" आणि सगळ्यांत खाली, नुकतंच, बाबा.

महिना संपायला पाच दिवस राहिले तेव्हा ती दुपारी लांब दांड्याचा झाडू घेऊन निघाली. तीनचं काम उरकून ती खाली येणारच नव्हती. माळ्यावर ऑर्गनच्या आडोशाला बसून राहणार होती. जो कुणी वर येऊन श्वास घेईल त्याला तिथेच घ्यायचं. आईने मला पिटाळलं. "जा, कुणाचं डोकं फुटत नाही ना बघ. फुटलंच तर आपलं नाव सांगू नकोस."

मी खाली बाकावर बसलो. साडेतीनच्या सुमाराला टोपीवाला अकरा जणांना घेऊन आला. बसमधून उतरलेली माणसं, गळ्यात कॅमेरे, घामाने डबडबलेली. दोन म्हाताऱ्या, एक जोडपं, एक गृहस्थ जो प्रत्येक गोष्टीवर "असं का? असं का?" म्हणत होता.

"आता मंडळी, श्वास रोखा," टोपीवाला म्हणाला. "कारण तोऽ रोखत नाही."

"असं का?"

हूंऽऽऽ.

अकरा माना एकदम वर गेल्या. एक म्हातारी दुसरीच्या दंडाला लटकली. "असं का?"वाल्याच्या तोंडून शेवटचा का निघालाच नाही.

आत्या वरून कठड्याच्या फटीतून हे सगळं बघत होती. हे तिनेच रात्री जेवताना आईला सांगितलं, भाताचा घास हातात धरून. म्हणाली, टोपीवाल्याला मी ओळखते, तो तोंड कसंही करू शकतो. पण ही अकरा माणसं आत्ता बसमधून उतरलेली. यांना कुणी शिकवलं? आणि बघतायत कुठे, तर थेट माझ्याकडे. आणि माझ्या आजूबाजूला तर कुणी नाही. आणि आवाजही नाही.

तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. भुताची नव्हे.

ती झाडू टाकून उठली, आणि उठताना आधारासाठी ऑर्गनच्या लाकडी अंगावर हात टेकला. लाकूड थरथरत होतं. मांजराच्या पोटासारखं. ती हात तसाच ठेवून उभी राहिली. मग कपाटाकडे गेली आणि बटण दाबलं. परत येऊन हात ठेवला. लाकूड गप्प.

खाली टोपीवाला म्हणाला, "गेला! मंडळी, गेला तो!"

वर आत्याने पुन्हा बटण दाबलं.

हूंऽऽऽ.

"आला!" टोपीवाला किंचाळला.

असं चार वेळा झालं. गेला, आला, गेला, आला. पाचव्या वेळेला टोपीवाल्याने टोपी काढली, वर बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

काय होतं ते माझ्याही डोक्यात शिरलं. बटण जुनं, कधी लागायचं, कधी नुसतं दबून परत यायचं. पूर्वी पंख्याची घरघर ऐकून तिला समजायचं, चालू की बंद. आता घरघर तिच्यापर्यंत पोचत नव्हती. ती बंद करायची आणि ते चालू राहायचं. दुसऱ्या दिवशी चालू करायला दाबायची तेव्हा ते बंद व्हायचं, आणि बंद करायला दाबायची तेव्हा परत चालू; मधेच एखाद्या वेळी बटण नुसतं दबून आलं की काही दिवस गप्प. भाता रात्रंदिवस भरलेला, कातडं कुठेतरी फाटलेलं. भाता फुगायचा, फटीतून हवा सोडायचा, बसायचा. एकतीस वर्षांत तिने चर्चमधली सगळी भुतं काढली आणि शेवटचं स्वतः घातलं.

पाहुणे पळाल्यावर टोपीवाला जिन्याशी आला. आत्या खाली उतरली. हातात झाडू होता, पण धरला होता झाडायला धरतात तसा.

"बाई," तो म्हणाला. आवाज मोठा काढला होता, पण एकही शब्द ताणला नव्हता. "मी फादरना सांगतो, कबूतर होतं. नळीत अडकलेलं. आपण दोघांनी मिळून काढलं. विषय संपला. बाकी कुणाला कळायचं कारण नाही."

"यात तुझं काय जातं?"

"काही नाही."

"आणि तुला काय मिळतं?"

"काहीच नाही, बाई."

आत्याने त्याला टोपीपासून चपलेपर्यंत बघून घेतलं. "काहीच नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही," ती म्हणाली आणि दार लावून निघाली.

घरी बाबा म्हणाले, घे की कबूतर. इतकं आयतं मिळतंय. किल्ल्या वाचतील. पुढे कानाचं आपण बघू सावकाश. आई म्हणाली, "वन्सं, आयुष्यात एकदा तरी कुणीतरी चांगलं वागतंय असं समजा ना."

"समजेन," आत्या म्हणाली. "पण उद्या तो खोकला तरी मला वाटेल, आठवण करून देतोय. ज्याला आपलं झाकलेलं माहीत असतं, त्याच्याकडे आपली सत्ताविसावी किल्ली असते. मी तशी किल्ली बाहेर ठेवत नाही." मग ताटातला भात संपवला, ताट घासलं, आणि कॅलेंडरच्या मागची यादी रबराने पुसायला बसली. पेनाने लिहिलेली होती. निघाली नाही. कागद फाटला.

शनिवारी समिती बसली. समिती म्हणजे फादर, ऑर्गनसर आणि औषधवाले काका. आत्याबरोबर बाबा आणि मी. टोपीवाला बोलावलेला नव्हता, तरी दारात टोपी फिरवत उभा होता.

"बाई, आपण असं करू या का..." फादरनी सुरुवात केली.

"फादर, मला ऐकू येत नाही," आत्या म्हणाली. खोलीत सगळे दचकले. सगळ्यांत जास्त बाबा. "प्रवचन देताना बोलता तसं बोला. नाहीतर आधी मी बोलते. श्वास वगैरे काही नाही. ऑर्गनचा पंखा मी बंद करत होते आणि तो बंद होत नव्हता. मला घरघर कळली नाही. दोन महिने. कबूतर नव्हतं." हे शेवटचं तिने दाराकडे बघून म्हटलं. टोपीवाल्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि परत काढली.

ऑर्गनसर ताडकन उठले. "अरे देवा! मी रविवारी येतो तर हवा तयार. मला वाटायचं, बाई माझ्यासाठी आधीच चालू करून ठेवतात. मी दर वेळी थँक्यू म्हणायचो!"

"ते मी लिहून ठेवलं होतं," आत्या म्हणाली.

औषधवाले काका चष्मा वर करून म्हणाले, "किती दिवसांपासून? एका कानाला का दोन्ही? सकाळी जास्त की संध्याकाळी?" आत्याने तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली, आणि प्रश्न का विचारला हे एकदाही विचारलं नाही.

मग फादरनी खरोखर प्रवचनाचा आवाज काढला. खिडकीवरची चिमणी उडाली. "बाई, राग नाही. पण समजा उद्या कुणी आत राहिलं, तुम्ही दार लावलंत, त्याने आतून ठोठावलं. तुम्हाला कळेल का?"

बाबा पायाकडे बघायला लागले.

"नाही कळणार," आत्या म्हणाली. "पण कुणी आत राहणारच नाही. दार लावायच्या आधी मी चोवीसच्या चोवीस बाकांखाली वाकून बघते. कबुलीजबाबाच्या पेटीत हात घालून बघते. पडद्यांमागे, मनोऱ्यात, तुमच्या झग्यांच्या कपाटातसुद्धा. एकतीस वर्षं. मला कधीच वाटलं नाही की आत कुणी नसेल. संशयी माणसाला कान कमी लागतात, फादर."

"कपाटात बघतात हे खरंय," फादर म्हणाले. "परवा मी आत होतो."

औषधवाले काका आधी हसले. मग ऑर्गनसर. फादर हसले नाहीत, कारण ते खरं सांगत होते.

ठरलं असं. किल्ल्या आत्याकडेच राहतील. कानाच्या डॉक्टरकडे ती येत्या आठवड्यात जाईल, आणि औषधवाले काका सोबत जातील. ऑर्गनला हवा देणं आता सरांचं काम; ते दिवसाआड येतील, आणि माळ्याची किल्ली त्यांच्याकडे.

हे शेवटचं ऐकून आत्याने कमरेला हात घातला. तिने जुडगा सोडला. कडी इतक्या वर्षांची घट्ट की नख तुटलं. बाबा मदतीला पुढे झाले तर तिने कोपर मारलं. किल्ली सुटली. लांब, काळी, दांड्याला तिच्या बोटांची झीज पडलेली. तिने ती टेबलावर ठेवली, पण वरचा हात काढला नाही.

"लिहून द्या," ती ऑर्गनसरांना म्हणाली. "माळ्याची किल्ली मिळाली म्हणून. तारीख टाका."

सरांनी खिशातून कागद काढला, लिहिलं, सही केली आणि तिच्यापुढे सरकवला. आत्याने तो उजेडाला धरून दोनदा वाचला.

"ही सही तुमचीच ना?"

"बाई, तुमच्यासमोर केली!"

"हो," आत्या म्हणाली. "तरी." आणि किल्लीवरचा हात उचलला.